खेळसामान-दुर्गंध-विचार : मुळशी तालुक्याच्या विशेष संदर्भात

१. विषयप्रवेश

मराठी विद्वत्तेने आजवर कोणताही विषय क्षुल्लक म्हणून टाकून दिलेला नाही. एका ताम्रपटाच्या तिथीवरून दोन पिढ्या भांडल्या, अनुस्वाराच्या टिंबावरून मैत्र्या तुटल्या, आणि मिसळीत पाव कुस्करावा की पावाने मिसळ खावी यावर अजून तह झालेला नाही. अशा या प्रांतात घामट खेळसामानाच्या दुर्गंधीवर एकही स्वतंत्र प्रबंध आमच्या पाहण्यात येऊ नये, हे नवल आहे. विषय काही दुर्मीळ नाही. तो घरोघरी दारामागे, चपलांच्या मांडणीशेजारी, चेन लावून बसलेला असतो आणि पाहुण्याला यजमानाच्या आधी भेटतो.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगण्याची रीत आहे. ती पाळतो. विषय : गुडघ्याचे निकॅप, क्रिकेटचे पॅड, ग्लोव्हज, हेल्मेटच्या आतली गादी, फुटबॉलचे बूट, नडगीचे गार्ड, मोजे, आणि या सर्वांना पोटात घेणारी किटबॅग. प्रयोजन : गृहशांती. अधिकारी, म्हणजे हा प्रबंध वाचण्यास पात्र व्यक्ती : जिला नाक आहे आणि जिच्या घरात खेळणारे माणूस आहे. खेळणारा स्वतः मात्र अधिकारी नाही. तोच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो, त्यामुळे ज्याची बॅग, त्यालाच तिच्यात काही गैर वाटत नाही. राहिला संबंध. तो बहुतेक घरांत ताणलेला असतो.

आता मुळशीच का, हे सांगणे आले. सुगंधाच्या बाजूने या तालुक्याची तयारी पक्की आहे. इथला आंबेमोहर चुलीवर चढला की आंब्याला मोहोर आल्याची बातमी अवेळी आळीभर होते. सुवासिक तांदळांच्या वासामागे २-अॅसिटिल-१-पायरोलीन नावाचा पदार्थ असतो, असे रसायनशास्त्रज्ञ सांगतात. आंबेमोहर पिकवणाऱ्यांना तो उच्चारल्यावाचूनही पिकवता येतो.

दुर्गंधाच्या बाजूनेही तालुका मागे नाही, आणि त्याची कारणे तीन. पहिले कारण पाऊस, ज्याला पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दुसरे खेळ. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. म्हाळुंगे हे मूळचे मुळशी तालुक्यातले गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेच्या हद्दीत गेले, पण संकुलात गळणाऱ्या घामाला ती अधिसूचना लागू नाही. तिसरे कारण हिंजवडी. तिथला आयटी पार्क याच तालुक्यात असल्याने, मंगळवारी रात्री टर्फवर फुटबॉल खेळून बूट गाडीच्या डिकीत टाकणारा आणि ते पुढच्या मंगळवारीच पुन्हा पाहणारा एक सुशिक्षित वर्ग इथे निर्माण झाला आहे. संशोधकाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

२. गंधलक्षण

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा सतराव्या शतकातला ग्रंथ. न्यायशास्त्र शिकणाऱ्याच्या हाती आधी तोच पडतो. त्यात पृथ्वी या द्रव्याची ओळख गंधावरून करून दिली आहे. गंध दोन प्रकारचा, सुरभी आणि असुरभी, आणि त्याचा मुक्काम फक्त पृथ्वीत. पाण्याला स्वतःचा गंध नाही. पाण्याला वास येत असेल, तर त्यात पृथ्वीचा अंश मिसळला आहे असे समजावे.

या मताचा आमच्या विषयाशी जवळचा संबंध आहे. घाम हे मुख्यतः पाणी. तेव्हा नैयायिकाच्या हिशेबाने निखळ घामाला वास असताच कामा नये, आणि वास आला तर दोष त्यात मिसळलेल्या परक्याचा. तीनशे-साडेतीनशे वर्षांनंतर शरीरशास्त्र नेमके याच ठिकाणी येऊन पोचले आहे. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यांतून नुकताच बाहेर पडलेला घाम जवळजवळ गंधहीन असतो. वास नंतर तयार होतो, आणि तो तयार करणारे कारागीर वेगळेच असतात.

हे कारागीर म्हणजे कातडीवरचे जिवाणू. घामातले आणि झडलेल्या कातडीतले जे काही खाण्याजोगे असेल ते ते खातात, आणि त्यांचे जे उरते ते आपल्या वाट्याला येते. तळपायावर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लावर ताव मारून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतो. मोज्यांचा तो ओळखीचा आंबूस वास याचाच. काखेतला स्टॅफिलोकोकस होमिनिस गंधकयुक्त पदार्थ काढतो. त्यांचा लवलेशही नाकाला पुरतो, म्हणून सामना संपल्यावर जिंकलेल्या संघाला मिठी मारणारे फोटो काढून झाले की लगेच सुटतात. बुटांत ब्रेव्हिबॅक्टेरियम या कुळातली मंडळी राहतात. त्यांचीच भावंडे युरोपात लिंबर्गर नावाचे चीज पिकवण्याच्या कामावर आहेत. एकाच कुळातल्या एका भावाला दुकानात मान आणि दुसऱ्याला बाल्कनीत हाकलले जाते, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न असून तो या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे.

या नात्याची शहानिशा झालेली आहे. बार्ट नोल्स आणि रुर्ड दे योंग या डच संशोधकांनी दाखवले की, मलेरिया पसरवणारी अॅनॉफिलिस गँबिए जातीची मादी लिंबर्गर चीजकडे आणि माणसाच्या पायाकडे सारख्याच ओढीने जाते. त्यांना २००६ चे इग नोबेल मिळाले. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. प्रस्तुत लेखकाने त्या समितीचा पत्ता नोंदवून ठेवला आहे.

३. वस्त्रप्रकरण

आता जिवाणू अंगावर जन्मले तरी राहायला ते कपड्यावर जातात. कोणत्या कपड्यावर जास्त सुखाने राहतात, याचा शोध बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. २६ माणसांना व्यायामाच्या सायकलवर दमवले, त्यांचे टी-शर्ट पिशव्यांत बंद करून २८ तास ठेवले, आणि मग ते तयार नाकांच्या परीक्षकांपुढे आणले. सुती शर्टांपेक्षा पॉलिस्टरचे शर्ट ठळकपणे जास्त वास मारत होते, आणि मायक्रोकोकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर विशेष फोफावले होते.

या प्रयोगाची पद्धत वाचून आम्हाला गहिवरून आले. घामट शर्ट पिशवीत कोंबावा, पिशवी बंद करावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याकडे फिरकू नये, हे तंत्र पिरंगुट-पौडच्या शाळकरी मुलांनी कोणाच्याही अनुदानाशिवाय विकसित केलेले आहे. फरक इतकाच की गेंटच्या परीक्षकांना आधी प्रशिक्षण दिले होते, आणि इथल्या आयांना ते थेट कामावर मिळाले.

पॉलिस्टरच्या या स्वभावाचे कारण असे : हा धागा पाणी पीत नाही, पण तेल धरून ठेवतो. घामाचे पाणी उडून जाते, अंगाचे तेल धाग्याला चिकटून राहते आणि जिवाणूंना घरपोच शिधा मिळतो. 'घाम झटकन सुकतो' ही जाहिरातीतली ओळ खरीच असते. घामाबरोबर आणखी काय काय सुकत नाही, हे मात्र लेबलावर छापायला जागा उरत नसावी. वर कपड्यांना मऊपणा देणारे द्रव घातले की धाग्यावर एक मेणचट थर बसतो, घाम टिपण्याचा गुणही जातो आणि वासाला पक्के छप्पर मिळते.

४. मृत्तिकाप्रकरण

इथपर्यंतचे ज्ञान परदेशातून आले. आता मुळशीचे.

मुठा हे या तालुक्यातले गाव मामासाहेब मोहोळांचे. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्याच नावाने दिली जाते. दुर्गंधशास्त्रात चांदीला मोठा मान आहे. चांदीचे आयन जिवाणूंना जगू देत नाहीत, म्हणून हल्ली महागड्या मोज्यांच्या धाग्यात चांदी घालतात. ती दर धुण्याला थोडी थोडी पाण्यात निघून जाते, ही गोष्ट वेगळी. गदेची चांदी मात्र जात नाही. तेव्हा पैलवानाच्या घरात वासाची सर्वांत कमी शक्यता कोणत्या वस्तूला आहे, हे सांगायची गरज नसावी.

पण खरे रहस्य गदेत नाही, तालमीतल्या मातीच्या हौद्यात आहे. तालमीत पाय ठेवला की वास येतोच, पण नाक मुरडावे असा येत नाही. ओलसर माती, तेल, कापूर आणि आंबटसर काहीतरी, असा तो मिश्र दरवळ असतो. अनेक माणसे वर्षानुवर्षे ज्या बंद खोलीत घाम गाळतात, तिथे हे कसे घडते? कारण मातीवर संस्कार झालेले असतात. तांबडी माती चाळून घेतात. तिच्यात हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर, काव आणि कुठे कडुलिंबाचा पाला घालतात. प्रमाण प्रत्येक वस्तादाचे निराळे, आणि दुसऱ्याचे चुकीचे.

या पाककृतीची छाननी केली तर तिच्यात एकही पदार्थ शोभेचा सापडत नाही. ताक आणि लिंबू माती आंबट करतात, आणि घामावर पोसलेल्या बहुतेक जिवाणूंना आंबट मानवत नाही. हळद, कडुलिंब आणि कापूर यांचे जंतूंशी जुने वैर आहे. तेलाने माती मऊ राहते आणि अंग सोलवटत नाही. मातीचे बारीक कण ओल आणि वास दोन्ही धरून ठेवतात. शिवाय हौदा रोज फावड्याने खणला जातो, म्हणजे कालचा घाम खाली जातो आणि खालच्या मातीला हवा मिळते. खणायचे काम नव्या पोरांकडे. त्यातून त्यांचे खांदे तयार होतात आणि तालमीची हवा स्वच्छ राहते. एकाच मजुरीत दोन कामे करून घेण्याची ही रीत व्यवस्थापनशास्त्राच्या हिंजवडीतल्या अभ्यासकांनी पाहून ठेवावी.

आणि पैलवानाचे खेळसामान किती? एक लंगोट, फार तर वरून जांघ्या. याविषयी एका वस्तादांना आम्ही पद्धतशीर प्रश्नावली घेऊन भेटलो. पहिलाच प्रश्न होता, लंगोटाचा वास घालवण्यासाठी आपण कोणते उपाय योजता? वस्ताद बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवो, रोजच्या रोज धुवायचा अन् दोरीवर टाकायचा. ठिवला कशाला म्हंजी वास येतुया?" प्रश्नावलीतले पुढचे प्रश्न या उत्तराने निकाली निघाले, तरी प्रबंध निकाली निघू नये म्हणून आम्ही पुढे जात आहोत.

५. गंधस्थलांतराचा नियम

वरील तीन प्रकरणांतून जो नियम निघतो तो असा : खेळाडूच्या पायाखालची माती जितकी कमी होते, तितके त्याच्या अंगावरचे सामान वाढते, आणि मातीने पोटात घेतलेला वास त्या सामानात राहायला जातो. थोडक्यात, वास नाहीसा होत नाही, तो घर बदलतो.

पुरावे पाहू. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट नवी होती. १९५२ मध्ये त्याच मॅटवर त्यांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेतले. पुढे ही मॅट, म्हणजे गादी, महाराष्ट्रातही आली. महाराष्ट्र केसरीत आज गादी आणि माती असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात. डिसेंबर २०१७ मध्ये ही स्पर्धा मुळशी तालुक्यातल्या भूगावात झाली. माती विभागातून साताऱ्याचा किरण भगत आला, गादी विभागातून पुण्याचा अभिजित कटके, आणि गदा कटकेने उचलली. म्हणजे मुळशीच्या मातीवर मुळशीकरांच्या देखत गादीने मातीला हरवले. कुस्तीच्या इतिहासकारांनी या लढतीकडे डावपेचांच्या अंगाने पाहिले. दुर्गंधशास्त्राच्या अंगाने तिचे महत्त्व प्रथमच मांडले जात आहे.

कारण गादी घाम पीत नाही. तिच्यावरचे आवरण पुसून घ्यायचे असते, त्यात हळद कालवता येत नाही. मातीत जो घाम जिरला असता तो आता खेळाडूच्या अंगच्या कपड्यांतच मुरतो. मातीत अनवाणी झुंजणाऱ्याला गादीवर बूट घालावे लागतात, आणि बूट आले की मोजे येतात, मोज्यांमागून ती सगळी चीजवाली मंडळी येतात.

कबड्डीचे हेच झाले. हुतूतू खेळणाऱ्या आजोबांचे सामान एक चड्डी होते आणि तिला वास यायच्या आत ती फाटत असे. नातू मॅटवर खेळतो. बूट, निकॅप, अँकलेट, कोपराचे पॅड, नंबर छापलेली पॉलिस्टरची जर्सी, आणि हे सगळे वाहून न्यायला बॅग. प्रो कबड्डी बालेवाडीत पाहून घरी आलेल्या पोराला पहिल्यांदा पकड शिकायची नसते, निकॅप घ्यायचे असतात.

६. पूर्वपक्ष

दुर्गंधनिवारणाविषयी लोकांत जे पंथ आहेत, त्यांची मते आधी मांडून मग खोडणे शिष्टसंमत आहे.

सुगंधवादी. यांच्या मते वासावर त्याहून मोठा वास सोडावा. डिओ, अत्तर, बुटात डांबरगोळ्या. हा पंथ मोठा आहे आणि सकाळच्या बसमध्ये त्याची अधिवेशने भरतात. आक्षेप असा की असुरभी गंध जागेवरच राहतो आणि सुरभी त्याच्या शेजारी येऊन बसतो. मोगरा आणि मोजे मिळून जो तिसरा वास तयार होतो, त्याला तर्कसंग्रहात जागा नाही.

सोडावादी आणि व्हिनेगरवादी. या दोन्ही पंथांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच त्यांचे पटत नाही. मोज्यांचा वास आम्लाचा, आणि खायचा सोडा अल्कधर्मी. दोघांची गाठ पडली की आयसोव्हॅलेरिक आम्लाचे मीठ बनते, आणि मीठ हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत येत नाही. उलट व्हिनेगर अमोनियासारख्या अल्कधर्मी वासांना गप्प करतो आणि धुण्यात उरलेला साबण काढतो. अडचण समेटवाद्यांची. ते दोन्ही एकाच बादलीत ओततात, फसफस झाली की टाळ्या वाजवतात, आणि शेवटी सोडियम अॅसिटेटचे खारट पाणी उरते. दोन शहाण्या पक्षांच्या युतीचे असे होण्याची उदाहरणे इतर शास्त्रांतही आहेत.

शीतवादी. बूट पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, जंतू मरतील. जंतू मरत नाहीत, बहुतेक नुसते थंडी वाजून निपचित पडतात आणि बुटात पाय गेला की पुन्हा कामाला लागतात. शिवाय बर्फाच्या ट्रेशेजारी बूट आढळल्यावर घरात जे होते, त्याला कोणत्याही पंथाकडे उत्तर नाही.

उष्णवादी. साठ अंशांच्या पाण्यात जंतूंचे काही चालत नाही, हे खरे. सुती मोजे आणि टॉवेल यांना हा उपाय चालतो. पण पॅडमधला फोम आणि बुटाचा चिकटलेला तळ यांनाही साठ अंशांत फार काळ आपली जागा धरवत नाही.

धूरवादी. हे जुने आहेत. पावसाळ्यात चुलीच्या वर दोरी बांधून ओले कपडे सुकवण्याची चाल डोंगराकडच्या घरांत होती. लाकडाच्या धुरातल्या काही द्रव्यांना जंतू वचकतात, आणि ऊब तर मिळतेच. दोष एकच. असे सुकवलेले बूट घालून मैदानात उतरलेल्या मुलाजवळून गेल्यावर प्रतिस्पर्ध्याला भूक लागते.

किरणवादी. हे सर्वांत नवे. दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातल्या विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांनी १४९ विद्यार्थ्यांना त्यांच्या बुटांच्या वासाविषयी विचारले आणि वासाला कारण होणाऱ्या कायटोकोकस सेडेंटेरियस या जिवाणूवर अतिनील दिवा रोखणारी चपलांची मांडणी तयार केली. दोन-तीन मिनिटे दिवा पुरतो. फार वेळ ठेवला की बूट तापून जळका वास सुटतो. २०२५ चे अभियांत्रिकी रचनेचे इग नोबेल त्यांना मिळाले. खेळाच्या बुटांतून भारताला मिळालेल्या गौरवांत याचीही नोंद क्रीडा खात्याने घ्यावी.

वर्तमानपत्रवादी. ओल्या बुटात कागदाचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत. हा पंथ निर्विवाद खरा आहे. कागद ओल खेचतो, आणि त्यावर काय छापले आहे याने फरक पडत नाही. गुळगुळीत रंगीत पुरवणी मात्र ओल टिपत नाही, तसाच अनुभव ती वाचणाऱ्यांनाही येतो.

७. वर्षाप्रकरण

उरले सूर्यवादी. त्यांचा उपाय सर्वांत उत्तम : उन्हात टाका. ऊन ओल घालवते, ऊब देते, अतिनील किरण फुकट देते. या पंथाचे खंडन कोणत्याही पंडिताला जमणार नाही. ते मुळशीचा पाऊस करतो.

ताम्हिणी घाट या तालुक्यात आहे. २०२४ च्या जुलैत तिथे २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी लवासात ४५३. अशा तालुक्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत 'उन्हात टाका' हा सल्ला म्हणजे सासरी निघालेल्या मुलीला 'माहेरीच राहा' म्हणण्यापैकी आहे. खेळ मात्र थांबत नाही. उलट भातखाचरं भरली की चिखलातला फुटबॉल सुरू होतो.

पावसाळ्यात वासाचा स्वभावही बदलतो. घामाच्या वासात ओल्या फडक्याचा कुबट वास मिसळतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या कुबट वासामागचा जिवाणू पकडला. त्याचे नाव मोराक्सेला ओस्लोएन्सिस. तो धुण्यातून बचावतो, थोड्याफार कोरडेपणाला आणि किरणांनाही दाद देत नाही, आणि कपडे दमट राहिले की पुन्हा डोके वर काढतो. धुतलेली जर्सी अंगात घातल्यावर पाच मिनिटांनी जो वास परत येतो, तो याचाच पुनर्जन्म. तेव्हा 'धुतली होती' ही मुलाची साक्ष खरी असू शकते. ती वाळली नव्हती, हा मुद्दा उलटतपासणीत काढावा.

इथे मुळशीचे धरणही विचारात घ्यावे लागते. त्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तो इतिहास या प्रबंधाच्या थट्टेपलीकडचा आहे. आमच्या विषयापुरते इतकेच : धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज होते. म्हणजे जो पाऊस इथे बूट भिजवतो, तोच घाटाखाली पंख्याचा प्रवाह होतो. तत्त्वतः मुळशीचा पाऊस आपण भिजवलेले बूट स्वतःच सुकवू शकतो. प्रत्यक्षात पौडकडे नेमका त्याच पावसात दिवे जातात.

८. निर्णय

सर्व पंथांचे मंथन करून आम्ही पुढील विधी ठरवतो. तो शास्त्राला धरून आहे आणि स्वस्त आहे. दुसऱ्या गुणामुळे पहिल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, याला इलाज नाही.

घरी पाऊल टाकताच बॅग उघडावी आणि आतले सगळे बाहेर काढावे. जे धुता येते ते त्याच रात्री धुवावे. धुता येत नसेल तर निदान पाण्यातून काढून पिळून पसरावे. जर्सी उलटी करून धुवावी, कारण तेल आतल्या बाजूला असते. मऊपणाचे द्रव घालू नये. शेवटच्या बादलीत वाटीभर व्हिनेगर चालेल, सोडा त्या बादलीत नको. बुटातले आतले तळ काढून वेगळे ठेवावेत, नाड्या सैल कराव्यात, जीभ बाहेर ओढावी आणि आत कागद कोंबावा. कागद काढल्यावर रात्रभरासाठी सोडा भुरभुरावा आणि सकाळी झटकावा. पॅड आणि ग्लोव्हज ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली उघडे ठेवावेत. पावसाळ्यात फ्रिजच्या मागची उबदार हवा ही जागा घरातल्या मंडळींच्या संमतीने वापरावी. पायांना तुरटीच्या पाण्याचा उपाय जुना आहे, आणि घाम रोखणाऱ्या आजच्या महाग डब्यांतही अॅल्युमिनियमचेच क्षार असतात. बूट रोज घालावे लागत असतील तर दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे एका जोडीला पुरता एक दिवस वाळायला मिळतो.

आणि बॅग रिकामी झाल्यावर ती स्वतःही उलटी करून टांगावी. ही गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटते. सामान दर खेळाला धुतले जाते, बॅग विकत घेतल्यापासून धुतलेली नसते.

९. शंका-समाधान

शंका : क्रिकेट मातीवरच खेळतात, तरी क्रिकेटची बॅग सर्वांत वाईट का? मग स्थलांतराचा नियम खोटा पडला.

समाधान : नियमात पायाखालच्या मातीला अंगाचा संपर्क अभिप्रेत आहे. क्रिकेटपटू मातीला स्पर्श करतो तो झेल सुटल्यावर. एरवी पॅड, ग्लोव्हज आणि हेल्मेट यांच्या आत तो मातीपासून पूर्ण सुरक्षित असतो. नियम अबाधित.

शंका : मग घरी हौदा करावा काय?

समाधान : फ्लॅटच्या बाल्कनीत करू नये. सोसायटीच्या पुढच्या सभेत तो एकमेव विषय होईल. हौद्यातली मूलतत्त्वे, म्हणजे रोज खणणे, हवा देणे आणि ओल मुरू न देणे, ही बॅगेला लावावीत.

शंका : मुलगा म्हणतो, वास येतोच आहे कुठे?

समाधान : तो खोटे बोलत नाही. विषयप्रवेशात सांगितल्याप्रमाणे तो या शास्त्राचा अधिकारी नाही. त्याच्याशी वाद घालू नये. त्याला घरी आल्यावर अंघोळीआधी बॅग रिकामी करायला लावावी. ज्ञान नसलेल्या माणसाकडूनही कर्म करून घेता येते, यावर आपल्याकडच्या अनेक आचार्यांचे एकमत आहे.

१०. फलश्रुती

जो हा प्रबंध एकदा वाचील, त्याचे मोजे दुसऱ्या दिवशी कोरडे निघतील. जो पावसाळ्यात याचे नित्य पठण करील, त्याच्या बॅगेतून कुबट वास जाईल आणि त्याला लिफ्टमध्ये सोबत मिळेल. जो याच्या प्रती काढून हिंजवडीच्या पार्किंगमध्ये डिक्यांवर चिकटवील, त्याला सुरक्षारक्षक हाकलतील, पण मनातून आशीर्वाद देतील. आणि जो प्रबंध अजिबात न वाचता घरी येताच नुसती चेन उघडील, त्यालाही तंतोतंत हेच फळ मिळेल. शास्त्र लिहिणाऱ्यांना ही गोष्ट नेहमीच खटकत आली आहे.